गळ्यातला कागद

"एम.एस्सी. झालेला गडी हेल्परच्या कामाला टिकत न्हाई," म्हणून कुपवाडच्या कारखान्यानं रविराजला तिसऱ्यांदा माघारी धाडलं, तसं त्याच्या बापाचं टाळकं फिरलं. बाळासोनं पोराची पदवी उचलली आणि आटपाडीच्या बाजारात विकायला नेलेल्या मेंढ्याच्या गळ्यात बांधली.

गिऱ्हाइकानं मेंढ्याचे दात बघितले, पाठ चाचपली, मग कागद वाचला.

"मेंढा लाखात एक हाय, आबा. पण शिकलेला नगं. कळपात मान खाली घालून चालायचा न्हाई."

दातओठ खात बाळासोनं कागद सोडला. मेंढा जागेवर विकला गेला.

सोमवारी त्यानं पोराला कागदाशिवाय, दहावी नापास म्हणून शेजारच्या कारखान्यात धाडलं. पोरालाही हातोहात गिऱ्हाईक मिळालं.