चौथा बिंदू

मार्थाने कॉम्प्युटरवरच्या कालव्याच्या चित्रात स्टेशनवर क्लिक केलं, मग कारखान्याच्या चिमणीवर, मग चर्चच्या मनोऱ्यावर. तिन्ही जागांचे अक्षांश-रेखांश तिने सर्व्हेच्या छापील नकाशावरून वहीत उतरवून घेतले होते. ते टाकल्यावर पडद्यावर चूक शून्य आली. चौथी जागा ओढ्यावरच्या फरशी पुलाची. ती ताडून पाहिली, तर तीनशे दहा मीटर बाजूला पडली.

“शून्य आलं ना? मग चौथा बिंदू काढून टाक,” मागून आबासाहेब म्हणाले. श्रीरामपुरातला हा छापखाना त्यांचा, कॉम्प्युटर त्यांचा, आणि कालव्याच्या पुस्तिकेसाठी कोरल या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चित्र काढलेलंही त्यांनीच. आता कालव्याच्या साहेबांना तेच चित्र नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हवं होतं. पाणी कुणाला द्यायचं ते पुढे त्या फाइलवरून ठरणार होतं.

“तीन बिंदूंवर चूक नेहमीच शून्य येते, आबासाहेब. चित्र कसंही असलं तरी. खरं-खोटं चौथ्यावरच कळतं.”

“बीएस्सी झालीस म्हणून मला शिकवू नको.”

बाकावर रंगुबाई बसल्या होत्या. पुस्तिका मुठीत धरून सकाळच्या एसटीने आल्या होत्या. पुस्तिकेतली निळी रेघ त्यांच्या रानाच्या अलीकडून गेली होती. रेघेच्या आत पाणी, बाहेर नाही.

“आजी, तुमचं रान पुलापासून किती लांब?” मार्थाने विचारलं.

“लांब कशाचं? पुलाला लागूनच. पान्याच्या हद्दीचा दगड माझ्या बांधाच्या बी पल्याड हाय. सरकारनंच रवलाय.”

मार्थाने चित्र मोठं केलं. ओढ्याच्या वळणाशेजारी एक रिकामी चौकट होती.

“इथे काय होतं?”

“कारखान्याच्या अध्यक्षांचा फोटो,” आबासाहेब म्हणाले. “बसत नव्हता, म्हणून ओढा जरा आत घेतला. त्याच्याबरोबर रेघ. चित्रात चालतं तेवढं.”

“वढा सरकला,” रंगुबाई म्हणाल्या, “आन आमाला कुनी सांगितलं बी न्हाई.”

आबासाहेबांनी माउसकडे हात नेला. “ऊठ. तो बिंदू मीच काढून टाकतो.”

मार्था उठली नाही. तिने माउस उचलून मांडीवर घेतला.

“उद्यापासून येऊ नको.”

“नाही येणार. आज आहे अजून.”

बाहेर जीप थांबली. कालव्याचे साहेब दारातूनच म्हणाले, “फ्लॉपी झाली का?”

“चित्र झालंय, साहेब. नकाशा नाही,” मार्था म्हणाली. “पुलापाशी रेघ तीनशे मीटर चुकलीय. हद्दीचा दगड बघून यावं लागेल.”

साहेबांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“आत्ता? आणि दगड दाखवणार कोण?” साहेबांनी विचारलं.

मार्थाने बाकाकडे बोट केलं. बाक रिकामा होता.

रंगुबाई जीपमध्ये साहेबांच्या जागेवर, ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. पदर खोचलेला होता आणि एक हात पुढच्या दांडीवर घट्ट होता.

“चालू कर, बाबा,” त्या ड्रायव्हरला सांगत होत्या. “रस्ता मी सांगते.”