मॅडम, पाचच मिनिटं

इंग्रजीच्या मॅडम फळ्यावर धड्याचं नाव लिहितात न लिहितात तोच शिपाई दारात हजर. "मॅडम, मोठ्या सरांनी बोलावलंय. पाचच मिनिटं."

मुख्याध्यापकांना कधी स्वतःचं भाषण लिहून हवं असायचं, कधी संस्थाचालकांच्या लेकीचा परदेशी कॉलेजचा अर्ज, तर कधी पाण्याच्या नव्या मशीनवर काय लिहिलंय तेच कुणाला कळत नसायचं. शाळेत इंग्रजीतलं जे काही येईल ते मॅडमच्या गळ्यात. "धडा वाचत बसा, आलेच," असं मुलांना सांगून त्या जायच्या, आणि परत येईपर्यंत तास संपलेला असायचा.

वार्षिक परीक्षेत इंग्रजीत निम्मा वर्ग आडवा झाला. पुन्हा बोलावणं आलं.

"मॅडम, वरून आदेश आहे, तुमच्याच नावाने नोटीस काढायचीय. इंग्रजीत हवी. जरा तुम्हीच लिहून द्या ना! आणि कडक लिहा हं, आपली ओळख मध्ये आणू नका."

मॅडमनी तिथेच बसून लिहून दिली. सरांनी ती दोनदा वाचली, खाली ऐटीत सही ठोकली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं.



"इतकं झकास इंग्रजी येतं तुम्हाला! मग जरा वर्गात जाऊन शिकवायला काय होतं हो?"