जंगली बदामाचा वास

“हा वास आमच्या जंगली बदामाचा,” प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावून तपासणी समितीला सांगितलं. “फुलं भयंकर घाण मारतात हो. पण बियांच्या तेलावर आमच्या साखळकर मॅडमचं मोठं संशोधन चाललंय!”

शेजारी उभ्या साखळकर मॅडमना शिसारी आली, पण वासाची नव्हे. मुली स्वच्छतागृहाची तक्रार घेऊन गेल्या की त्यांनाही हेच उत्तर मिळायचं. फुलं काय ती मार्चमध्ये येतात. वास बारा महिने येतो. पण साहेबांच्या जिभेला तेच वळण पडलेलं.

“अरे वा! कुठंय ते झाड?” समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

प्राचार्यांचा चेहरा गोरामोरा झाला. पाहुण्यांना वास नको म्हणून परवाच त्यांनी झाडावर कुऱ्हाड चालवली होती. ‘निदान बिया तरी पिकू द्या, सर,’ म्हणून मॅडमनी किती गयावया केली; तर म्हणे, ‘कॉलेजच्या अब्रूपुढं तुमचं तेल काय घेऊन बसलात?’

“या, दाखवते,” मॅडम म्हणाल्या.

इमारतीमागं ताजा तोडलेला बुंधा होता. भोवतालची फुलंसुद्धा झाडून नेलेली. अध्यक्षबाई वाकल्या, त्यांनी बुंध्याचा वास घेऊन पाहिला. ओलं लाकूड, बाकी काही नाही. त्या उठल्या आणि वासाच्या रोखानं चालू लागल्या.

“बाई, तिकडं नको!” प्राचार्य ओरडले.

बाईंनी पदर नाकाशी घट्ट धरला आणि मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार ढकललं.