तुटलेला पट्टा

लोकांना लिहायला शांतता लागते. म्हाताऱ्या लेखकाला शेजारच्या खोलीतला बायकोच्या शिलाई मशीनचा आवाज लागायचा. शिवायला काही नसलं, तरी ती बिचारी रिकामंच मशीन चालवायची. तो अडला, की आतून विचारायची, "थांबलात का हो?"

कादंबरीचं शेवटचं प्रकरण कधीचं रखडलं होतं. हे जमलं नाही तर आपण लेखक नव्हतोच, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आज मात्र दुपारी मशीन सुरू झालं आणि त्याचं पेन धावत सुटलं. आता एकच वाक्य उरलं होतं.

तेवढ्यात बायको बाहेरून घामाघूम होऊन आली. तिच्या हातात मशीनचा चामडी पट्टा होता.

"तुटला मेला! तुमचा डोळा लागलेला, म्हणून न सांगताच दुकानात गेले. आजचा दिवस फुकट गेला ना तुमचा?"

बोलता बोलता तिचं लक्ष शेजारच्या खोलीकडे गेलं. आत चाललेलं मशीन तिलाही ऐकू आलं.

"अहो," ती कुजबुजली, "थांबू नका. लिहा."

त्यानं शेवटचं वाक्य जमेल तितकं सावकाश लिहिलं. मग पूर्णविराम दिला.

मशीन थांबलं.

"थांबलात का हो?" आतून तिच्याच आवाजात प्रश्न आला.