कडेचा पिवळा रंग

पहिली थप्पड बसली तेव्हा सरांचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या मातीत होते. दुसरा गाल पुढे करावा अशी शिकवण या शाळेत रोज प्रार्थनेला मिळते, पण सरांना तेवढी उसंतच मिळाली नाही. समोरच्या माणसाने तो गाल आपणहून घेतला. चष्मा नाकावर तिरका झाला. ओठ फुटला. तरी सरांनी हात मातीच्या टबातून वर काढले नाहीत.

"माझ्या मुलीला मारतोस?" तो माणूस म्हणाला. "तुरुंगातून सुटलेला गुंड तू. तुला मास्तर कुणी केलं?"

त्याच्या मागे त्याची नववीतली मुलगी होती आणि दारात त्याची बायको. मुलीच्या डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. शाळा सुटल्यावर ती तशीच फाटकापर्यंत चालत गेली होती. तिथे आपापल्या मुलांना न्यायला आलेल्या आयांनी ते पाहिलं. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग तिच्या बापाकडे पाहिलं, आणि बाप तडक कलावर्गात घुसला.

संशय घ्यायला सर सोयीचे होते. शाळेत मातीकाम शिकवण्याआधी ते बॉक्सर होते, आणि रिंगणात त्यांना हातोडा म्हणत. मग एकदा रिंगणाबाहेर, भर रस्त्यात, त्यांनी एकाचा जबडा मोडला आणि तीन वर्षं आत काढली. मातीकाम तिथेच शिकले. शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका अटीवर नोकरी दिली. ज्या दिवशी हात उचलला त्या दिवशी शाळा सुटली, मग कारण काहीही असो. सिस्टर शब्दाच्या पक्क्या होत्या. अख्ख्या जगात सरांना 'सर' म्हणणारी हीच काय ती जागा. म्हणून तिसरा तडाखा कानावर बसला, कानात शिट्टी वाजायला लागली, तरी ते माती घट्ट धरून उभे राहिले.

शेजारच्या वर्गातून चित्रकलेच्या बाई धावत आल्या. बाई पूर्वी सिनेमात रंगभूषा करायच्या. एक खोट्या जखमा करणारी आणि एक खऱ्या करणारा, शाळेला कलेचं काही कमी नाही, असं शिक्षकांच्या खोलीत गमतीने म्हटलं जायचं. शाळेच्या यंदाच्या नाटकात हुतात्मे संत होते, आणि त्यांच्या जखमा रंगवायला बाई नववीच्या मुलींना शिकवत होत्या. त्यांनी मुलीकडे एकदाच निरखून पाहिलं. कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि तिच्या डोळ्याखालून फिरवला. सगळं काळंनिळं बोळ्यावर आलं. खालचा गाल स्वच्छ होता.

बापाचा हात हवेतच राहिला. बाईंनी त्याला सुनावलं की साप समजून भुई धोपटलीत. मग मुलीला विचारलं, अगं, रंग आहे म्हणून सांगायचं नाही का? मुलगी म्हणाली, कुणी विचारलंच नाही.

तिथेच सगळं मिटलं असतं. पण सर त्या बोळ्याकडे बघत राहिले. हनुवटीवरून रक्त मातीत ठिबकत होतं, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. अशा माराच्या बाबतीत त्यांचं स्वतःचं तोंडच मोठं विद्यापीठ होतं. बाई शिकवायच्या तो मार सिनेमातला, ताजा, लाल आणि जांभळा. या बोळ्यावर कडेने पिवळं होतं, आत थोडं हिरवट. मार शिळा व्हायला लागला की तो रंग येतो. रंगाच्या पेटीत बघून तो सुचत नाही. तो कुणाच्या तरी कातडीवर दिवसेंदिवस बघावा लागतो.

"बाळा," सरांनी हळूच विचारलं, "हा पिवळा कुठे बघितलास?"

मुलीने मान वर केली. ती आता खरं सांगणार हे सगळ्यांना कळलं, आणि सर्वांत आधी तिच्या बापाला कळलं. त्याने तिची वेणी मनगटाला गुंडाळून तिला मागे खेचलं. तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. त्याने दुसऱ्या हाताची मूठ वळली. अंगठा बाहेर, मनगट सरळ. सरांच्या लगेच ध्यानात आलं की हा हात सवयीचा आहे.

सरांचे हात मातीतून निघाले. ठोसा एकच बसला, पण तो हातोड्याचा होता. माणूस दोन स्टुलं घेऊन खाली गेला. फळीवरचं प्लास्टरचं मुंडकं त्याच्या शेजारी पडून फुटलं. त्याचा एक दात फरशीवर आला आणि तोंडातून रक्ताची लाळ गळायला लागली. सरांना त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. वाईट वाटलं ते फक्त नोकरीचं.

आवाज ऐकून सिस्टर आल्या. त्यांनी कण्हत पडलेला माणूस पाहिला. त्याच्या जबड्यावर मातीचा जाड लपका होता आणि त्यात सरांच्या बोटांचे सांधे स्पष्ट उमटले होते.

"सर, तुम्ही हात उचललात?" सिस्टरांनी विचारलं.

सरांनी एप्रनची गाठ सोडायला घेतली. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं.

पण त्यांच्या आधी मुलीची आई बोलली. ती दारातून आत आली, नवऱ्याला ओलांडून पुढे गेली आणि तिने मुलीला कुशीत घेतलं.

"पाय घसरून पडले ते, सिस्टर," ती म्हणाली. "मी पडते ना नेहमी, अगदी तसेच."