पत्र्याखालचा पाऊस

गोपिकाबाई फाटकातून आत आल्या त्या हसतच. पदर धुळीनं भरलेला, हाताची बोटं लालभडक. सरकीला चोळलेल्या औषधाचा तो रंग.

"लावून आले रे बाबा, सगळं वावर!" ओसरीवर टेकत त्या म्हणाल्या. "आता पाऊस आज येवो न्हाई तर उद्या, माझी सरकी मातीत हाय."

आदिनाथनं तोंडाला लावलेला कप खाली ठेवला. गोपिकाबाई त्याच्या चुलती. सगळं शेत एकटीनं बघायच्या आणि कुणाच्या सल्ल्याला भीक घालायच्या नाहीत.

"कोरड्यातच लावली, मोठी माय?"

"मंग? बेडकं वरडून राह्यलेत रोज पहाटं. अवघं वाटूर गाव मोबाइलमधी पाऊस बघतं. मी कानानं बघते."

स्वयंपाकघराच्या दारातून शीतलनं नवऱ्याकडं पाहिलं. काल भिंतीपलीकडून गोपिकाबाईंनी विचारलं होतं, "आदिनाथ, बेडकं ऐकले का रे?" त्यानं "ऐकले की" म्हणून वेळ मारून नेली होती. शीतल तेव्हाच म्हणाली होती, "अहो, सांगून टाका त्यांना. भरवसा ठेवून बसतील." त्यानं काही सांगितलं नाही.

बेडूक त्याचेच होते. लांब दक्षिण अमेरिकेतल्या जातीचे, डोळ्यांवर शिंगं असलेले, पोळीएवढे रुंद. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, काचेच्या पेटीत. अंगावर पाऊस पडल्याशिवाय नर ओरडत नाही आणि तो ओरडल्याशिवाय मादी त्याला विचारत नाही. म्हणून आदिनाथनं पेटीवर भोकाभोकाचा पाइप बसवून पंपानं पाऊस पाडला होता. गाव टँकरच्या पाण्यावर, बेडूक जारच्या. बेडूक कातडीनं पाणी पितो, त्यामुळं साबणाचा हातसुद्धा तो शीतलला पेटीला लावू देत नसे.

गावात कोंबड्या पाळणाऱ्याला लोक भाव विचारतात, बेडूक पाळणाऱ्याची टवाळी करतात. एवढ्याशा टवाळीला भिऊन हा गडी गप्प राहिला होता. भित्र्या माणसाला याहून मोठं कारण लागतही नाही.

तेवढ्यात घरामागून नर ओरडला. चांगला घसा ताणून.

"अगं बाई, इथंच हाय की!" गोपिकाबाईंनी बसल्या जागी हात जोडले. "थांब, तोंड तर बघू दे त्याचं."

"तिकडं नको जाऊस, मोठी माय. अडगळ हाय नुसती."

पण त्या उठल्याही होत्या. आदिनाथ चपला शोधेपर्यंत त्यांनी खोलीचं दार ढकललं.

आत पत्र्याखाली पाऊस पडत होता. झाकण काढलेल्या पेटीत मादी फतकल मारून बसली होती आणि नरानं तिची पाठ घट्ट धरली होती. आदिनाथ मागोमाग आत आला आणि थबकला. शरमेनं तर थबकलाच, पण ही जोडी आज पहिल्यांदा लागली होती, तेही त्याला त्याच क्षणी दिसलं. या दिवसासाठी त्यानं दोन उन्हाळे घालवले होते.

गोपिकाबाईंनी वाकून पाइपाची भोकं बघितली.

"पाऊस कशाचा हा?"

"पंपाचा."

"आन् पहाटं वरडतो तो हाच?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच, आवाज जरा निराळा हाय. मंग म्हणलं, आपलेच कान म्हातारे झाले."

त्या रागानं बोलल्या असत्या तर आदिनाथला बरं वाटलं असतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तापल्या मातीत सरकी भाजून निघते, उरलेली मुंग्या नेतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. "मोठी माय, मी..." एवढं म्हणेपर्यंतच त्याची नजर पुन्हा पेटीकडं वळली होती.

वळचणीला उभं राहून पाऊस किती आहे ते बघावं, तसा गोपिकाबाईंनी हात पुढं केला आणि त्या पावसाखाली धरला. बोटांवरून लाल ओघळ निघाले.

"हात काढ!" आदिनाथ किंचाळला. "विष हाय त्या हाताला! मरतील ते!"

त्यांनी दचकून हात मागं घेतला. आधी हाताकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"काल एवढ्यानं वरडला असतास," त्या म्हणाल्या, "तर सरकी घरातच राह्यली असती रे."

पेटीच्या तळाला पाणी गुलाबी होत चाललं होतं. पंप तेच पाणी उचलून वर नेत होता आणि तेच पुन्हा दोघांच्या पाठीवर पडत होतं. नराला काढावं तर जोडी तुटणार, ठेवावं तर दोन्ही जाणार. आदिनाथचे हात पेटीवर नुसतेच फिरत राहिले. "बटण! शीतल, बटण बंद कर!"

बटण दाराजवळ होतं. पण दारातून गोपिकाबाई बाहेर निघाल्या होत्या. शीतलनं आधी त्यांना वाट दिली, त्यांच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला, आणि मग ती आत वळली.

गोपिकाबाई अंगणात पोचल्या असतील नसतील, मागं बेडूक पुन्हा ओरडला. त्या थांबल्या, आणि सवयीनं त्यांनी आभाळाकडं पाहिलं.