बाराव्या पानावर

“हे कोनं लिवलं?” केशवरावांनी पुस्तक टेबलावर आपटलं. ग्रंथपाल रूपाली दचकली. रविवारच्या चर्चेला जमलेल्या वाचकांनी माना वळवल्या.

बाराव्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘नवराच. दुसरं कोणी नाही.’

अख्ख्या अमरावतीत गाजत असलेली ती रहस्यकादंबरी. एका बाईच्या घरातल्या वस्तू आपोआप जागा बदलतात. तिला वेडं ठरवायला कोण टपलंय, ते शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. केशवराव तीन महिने नंबर लावून बसले होते. सोमवारी पुस्तक हाती आलं, गुरुवारी त्यांनी ते उघडलं, आणि बाराव्याच पानावर ही ओळ. ती खोटी निघावी म्हणून त्यांनी देव पाण्यात ठेवले. पण शेवटी निघाला नवराच. तेव्हापासून त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

“सर, पन पुस्तक जबरदस्त हाय,” कापडवाले नत्थुजी म्हणाले. “मी तर दोन रोज दुकानात गेलोच नाई.”

“कायचं जबरदस्त!” कॉलेजात शिकवणारा सुगत उसळला. “सारं खोटं. एवढी भोळी बाई असते काय कुठी?”

“मले तर तिची कीव आली,” रूपाली हळूच म्हणाली. “एकटी पडली होती ते.”

“कीव कायची? मठ्ठ होती बाई!” केशवराव कडाडले. “आपलं डोकं आपल्याजवळ नको काय? ते जाऊ द्या. हे अक्षर कोनाचं? छत्तीस वर्षं पोराईच्या वह्या तपासल्या मी. अक्षर लपत नाई माह्यापासून.”

निवृत्त झाले तरी त्यांच्यातला मुख्याध्यापक गेला नव्हता. त्यांनी कोरा कागद मागवला आणि जमलेल्या प्रत्येकाला तीच ओळ लिहायला लावली. नत्थुजींनी जीभ बाहेर काढून लिहिली. सुगतनं चिडून लिहिली. केशवरावांनी चष्मा पुसून पुसून अक्षरं ताडून पाहिली. एकही जुळेना.

तोवर रूपालीनं पुस्तकाच्या मागची चिठ्ठी काढली होती. “सर, हे प्रत नवी हाय. जुनी फाटली म्हनून सोमवारी आनली. पहिल्यांदा तुमालेच देली. चिठ्ठीवर एकच तारीख हाय.”

कोणीतरी फिसकन हसलं. केशवरावांनी पुस्तक काखेत मारलं आणि तरातरा बाहेर पडले.

स्कूटरवर त्यांचं डोकं तापलेलंच होतं. घरात माणसं दोन. मुलगा सागर पुण्याला. उरली बायको, सुभद्रा. पण सुभद्रा आणि कादंबरी? सही सोडली तर तिचं अक्षर त्यांनी उभ्या संसारात पाहिलं नव्हतं. तीच सही उद्या लागणार होती. शेंदूरजनाघाटची तीन एकर संत्र्याची बाग सासऱ्यांनी लेकीच्या नावानं केली होती. गिऱ्हाईक ठरलं होतं आणि उद्या वरूडला खरेदीखत व्हायचं होतं. आठ दिवसांपूर्वी सुभद्रा बावचळून म्हणाली होती, “मी कवा हो म्हटलं?” “दिवाळीत म्हटलं. विसरली असशील,” त्यांनी सांगितलं. खरं म्हणजे दिवाळीत बागेचा विषयसुद्धा निघाला नव्हता. पण बायकोशी वाद कोण घालत बसणार? चष्मा असो, किल्ली असो, दिलेला शब्द असो, ‘विसरली असशील’ म्हटलं की सुभद्रा गप्प होत असे. अलीकडे तर ती स्वतःच डॉक्टरला दाखवू म्हणत होती.

सुभद्रा ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होती. केशवरावांनी पुस्तक तिच्यापुढे आदळलं. भाजीची चार पानं उडाली.

“हे तू लिवलं?”

“हो.”

इतक्या सरळ उत्तराची त्यांना सवय नव्हती. “तू कवापासून वाचाले लागली?”

“तुमी दुपारी झोपता तवा वाचतो. वीस वर्षं झाली.” तिनं भाजीचं सुपडं बाजूला सारलं. “कोनी कधी इचारलंच नाई.”

“शेवटचं पान आधी पाहिलं अन् माह्या पुस्तकाचा सत्यानाश केला!”

“शेवट पाहिला नोता. बाराव्या पानावर होती तवाच लिवलं. मंग तीन दिवस बाकीचं वाचत बसली.”

“खोटं नको बोलू! संशय घ्याले सासू हाय, डॉक्टर हाय, मोलकरीन हाय. एवढे शिकलेले लोक शेवटपर्यंत फसले. तुले कायवरून समजलं नवरा म्हनून?”

सुभद्रा उठून उभी राहिली. इतका राग त्या चेहऱ्यावर केशवरावांनी कधी पाहिला नव्हता.

“उद्या मी वरूडले येत नाई,” ती म्हणाली. “बगीचा इकायचा नाई मले. माह्या बापानं मले देला. अन् दिवाळीत मी हो म्हटलं नोतं.”

“म्हटलं होतं!” केशवराव ओरडले, आणि सवयीनं पुढचे शब्द तोंडून निघून गेले. “तू विसरली असशील!”

“हेच,” सुभद्रा म्हणाली. “बाराव्या पानावर तो तिले हेच म्हनते.”